गोव्यात व्यापार परवाना घेताना आपला व्यवसाय कोणत्या वर्गात बसतो, हे कसे ठरवावे

गोव्यात दुकान, खाणावळ, गॅरेज, बेकरी किंवा पाहुण्यांसाठी खोल्या सुरू करू पाहणारा माणूस पंचायतीत अथवा पालिकेत जातो, तेव्हा परवाना किती दिवसांत मिळेल हे त्याला आधी जाणून घ्यायचे असते. टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याला त्याआधी दुसरी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे हा व्यवसाय कोणत्या सदराखाली नोंदवायचा. शुल्क किती आकारायचे, कोणते ना हरकत दाखले मागायचे, जागेची पाहणी कोणी करायची आणि शेजाऱ्यांच्या हरकतींना किती वजन द्यायचे, हे सगळे त्या सदरावर अवलंबून असते. म्हणूनच अर्ज भरण्यापूर्वी आपला व्यवसाय नेमका काय आहे, हे आपण स्वतःच नीट मांडून ठेवले, तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

परवान्यामागचा अधिकार कायद्यातून येतो, तो कोणाच्या मर्जीवर चालत नाही. कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला दिला आहे आणि त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक हितासाठी त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनाला दिली आहे. आरोग्य, आग, दुर्गंधी, गोंगाट, वाहतूक, जागेचा वापर ही निर्बंधांची कारणे वेगवेगळी असल्यामुळे वर्गीकरणेही वेगवेगळी झाली. पंचायतीच्या लेखी जे ‘उपाहारगृह’ आहे, ते अग्निशमन खात्याच्या लेखी लोक जमण्याची जागा असू शकते, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लेखी सांडपाणी निर्माण करणारा उद्योग असू शकते आणि अबकारी खात्याच्या लेखी मद्यप्राशनाची जागा असू शकते. धंदा एकच असला तरी प्रत्येक कार्यालय त्याच्याकडे आपापल्या कायद्यातून पाहते, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळे ‘एका ठिकाणी चालले ते दुसरीकडे का चालत नाही’ असा वैताग अर्जदाराच्या वाट्याला येतो.

आपली जागा कोणाच्या हद्दीत येते

सुरुवात हद्दीपासून करावी. गोव्यात पणजी शहरासाठी महानगरपालिका आहे आणि तिला २००२ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे, वाळपई, कुडचडे-काकोडा, केपे, सांगे, कुंकळ्ळी आणि काणकोण या १३ नगरपालिका १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालतात. उरलेला सारा गोवा १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याखाली १९१ ग्रामपंचायतींत विभागलेला आहे.

दिसायला शहर असलेली जागा कायद्याने शहर असतेच असे नाही. पणजीला खेटून असलेले ताळगाव ही ग्रामपंचायत आहे. विधानसभा आणि सचिवालय जिथे आहे त्या पर्वरीचा पसारा सुकूर, पेन्ह द फ्रान्स, साल्वादोर द मुंद अशा पंचायतींत वाटला गेला आहे. कळंगुट आणि कांदोळीला हॉटेलांची रांग लागलेली असली तरी तिथला व्यापार परवाना पंचायतच देते. उलट फातोर्डा मडगाव पालिकेत मोडते आणि वास्को मुरगाव पालिकेत. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर न विसंबता त्या घराची घरपट्टी कोणाकडे भरली जाते, ते पावतीवर पाहावे.

हा फरक निव्वळ कागदोपत्री नाही. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नसावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, तेव्हा महामार्गालगतच्या बारमालकांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत लोकवस्ती असलेल्या भागांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले गेले. पुढे नगरपालिका हद्दींना या बंधनातून मोकळीक असल्याचे स्पष्ट झाले आणि शहरी स्वरूपाच्या पंचायतींबाबतचा निर्णय २०१८ मध्ये राज्य सरकारांवर सोपवण्यात आला. मधल्या काळात दोन सारख्याच बारचे भवितव्य ते पालिकेत आहेत की पंचायतीत, यावर अवलंबून राहिले होते.

औद्योगिक वसाहतीतल्या जागेची गोष्ट थोडी वेगळी आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये यांसारख्या वसाहतींत भूखंड गोवा औद्योगिक विकास महामंडळाचे असतात, त्यामुळे कोणत्या कामासाठी भूखंड दिला आहे हे भाडेपट्ट्याच्या करारातच लिहिलेले असते. कामाचे स्वरूप बदलायचे झाल्यास आधी महामंडळाची संमती घ्यावी लागते.

व्यवसायाचे वर्णन लिहिणे

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक अर्जदार ती एका ओळीत उरकतात. अर्जातल्या ‘व्यवसायाचे स्वरूप’ या रकान्यात ‘जनरल स्टोअर’, ‘बेकरी व इतर’, ‘हॉटेल’ असे दोन शब्द लिहिले जातात. हॉटेल म्हणजे चहा-भजीचे दुकान की राहण्याच्या खोल्या, हे त्यावरून कोणालाच समजत नाही, आणि मग कर्मचारी आपल्या समजुतीने सदर निवडतो. त्याने जास्त शुल्काचे सदर निवडले तर आपल्याला भुर्दंड बसतो. कमी शुल्काचे निवडले, तर पुढच्या पाहणीत परवान्याबाहेरचा व्यवसाय चालवल्याचा ठपका येतो, जो कितीतरी महागात पडतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा बार्देशातल्या एका गावात एका पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, जुनी भट्टी आहे आणि त्याच्या मुलीला तिथेच केक विकायचे आहेत व चार टेबले मांडून चहा-नाश्ताही द्यायचा आहे. ‘बेकरी व कॅफे’ एवढेच न लिहिता तिने पुढीलप्रमाणे लिहावे, असे मी सुचवीन:

‘तळमजल्यावरील एकूण ६० चौरस मीटर जागेपैकी ३५ चौरस मीटर भागात लाकडावर चालणाऱ्या एका भट्टीत पाव, पोई, उंडे आणि विजेच्या एका ओव्हनमध्ये केक भाजणे. १० चौरस मीटर भागात काउंटरवरून या मालाची किरकोळ विक्री. १५ चौरस मीटर भागात चार टेबलांवर एका वेळी जास्तीत जास्त १६ ग्राहकांना चहा व नाश्ता देणे. पीठ मळण्याचे यंत्र एक, दोन अश्वशक्तीचे. कामगार पाच. कामाची वेळ पहाटे तीन ते रात्री आठ. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर दोन. मद्यविक्री नाही. ध्वनिवर्धक नाही.’

या मजकुरात उत्पादन, किरकोळ विक्री आणि जागेवर बसून खाणे ही तीन वेगळी कामे सुटी करून दाखवली आहेत, प्रत्येकाला किती जागा लागते ते सांगितले आहे आणि जे करणार नाही तेही नोंदवले आहे. नकारार्थी वाक्ये फार उपयोगी पडतात, कारण पाहणीला येणाऱ्याच्या आणि ग्रामसभेत उठून बोलणाऱ्याच्या बऱ्याच शंका त्यांनी आधीच मिटतात. इंधन, यंत्राची अश्वशक्ती, कामगारांची संख्या आणि आसनसंख्या या चार आकड्यांवर पुढच्या जवळजवळ प्रत्येक खात्याचा वर्ग ठरतो. म्हणून ते अंदाजाने न लिहिता मोजून लिहावेत.

यातले मुख्य काम कोणते आणि पूरक कोणते, हेही ठरवावे लागते. ज्या कामातून जास्त उत्पन्न येते आणि ज्यासाठी जास्त जागा व माणसे लागतात, ते मुख्य समजण्याचा प्रघात आहे. पूरक काम तेच, जे मुख्य काम बंद पडल्यास आपोआप बंद पडेल. भट्टीतला पाव काउंटरवर विकणे हे उत्पादनाला पूरक म्हणता येईल. टेबलावर बसवून आम्लेट देणे हे मात्र स्वतंत्र काम आहे, कारण भट्टी विझली तरी ते चालू राहू शकते, आणि म्हणून त्याचा उल्लेख परवान्यात वेगळा हवा.

केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ नोंदणीत राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मधला सांकेतांक मागितला जातो. या वर्गीकरणात २१ विभाग आणि ८८ प्रभाग असून सर्वांत बारीक पातळीवर पाच अंकी सांकेतांक आहेत. पाव तयार करण्याचा १०७११, केक-बिस्किटांचा १०७१२, बारविना चालणाऱ्या रेस्टॉरंटचा ५६१०१ आणि बार किंवा बारसह रेस्टॉरंटचा ५६३०१. पंचायतीच्या अर्जात हा सांकेतांक मागितला नसला तरी आपल्या वर्णनाखाली तो लिहून ठेवावा, म्हणजे बँक, वस्तू व सेवा कर आणि उद्यम या तिन्ही ठिकाणी एकच व्यवसाय एकाच ओळखीने नोंदला जातो. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे व्यापार परवाना नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्यातला सूक्ष्म, लघु, मध्यम हा वर्ग गुंतवणूक आणि उलाढालीवर ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. त्यावरून त्या जागेत तो धंदा करायला परवानगी आहे की नाही, हे काहीच कळत नाही.

पंचायत आणि पालिका वर्ग कसे पाडतात

पंचायत राज कायद्याने कारखाने उभारणे व यंत्रे बसवणे यासाठी एक परवानगी ठेवली आहे, तर हॉटेल, उपाहारगृह, मिठाईचे दुकान, बेकरी, निवासाची जागा यांसाठी दुसरी. ज्यांतून दुर्गंधी, धूर, आग किंवा आरोग्याला धोका संभवतो, असे धंदे नगरपालिका कायद्यात वेगळे काढले आहेत. त्यांची छाननी कडक होते. कापडाचे दुकान किंवा स्टेशनरी यांसारखा निरुपद्रवी व्यवसाय साध्या सदरात जातो.

शुल्कपत्रकात सामान्यतः व्यवसायाचा प्रकार, जागेचे क्षेत्रफळ आणि यंत्रे असल्यास अश्वशक्ती या आधारांवर दर लावलेले असतात. ते प्रत्येक स्थानिक संस्थेचे स्वतःचे असते, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राने किती भरले, हे विचारून काही साधत नाही. अर्ज करण्याआधी शुल्कपत्रकाची प्रत मागून घ्यावी आणि आपल्या वर्णनाला जवळचे सदर कोणते, ते स्वतः वाचून पाहावे. दोन सदरे लागू होत असल्यास तसे अर्जात लिहावे आणि दोन्हींचे शुल्क भरण्याची तयारी ठेवावी. पैसे वाचवण्यासाठी एक लपवणे हा या व्यवहारातला सर्वांत खोटा काटकसरीपणा आहे.

बाजारातल्या तात्पुरत्या विक्रेत्यांची पद्धत निराळी आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खाली बसून भाजी, मिरची किंवा मडकी विकणारी बाई पालिकेला सोपो देते. तो त्या दिवसाच्या जागेचा कर असतो. सोपोची पावती म्हणजे व्यापार परवाना नाही आणि तिच्यावरून कायमच्या जागेचा हक्क सिद्ध होत नाही. रस्त्याकडेच्या विक्रेत्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्यात एका जागी बसणारे आणि फिरते विक्रेते असा भेद असून सर्वेक्षणानंतर नगर विक्री समितीमार्फत प्रमाणपत्र दिले जाते. संध्याकाळी रस-आम्लेटचा गाडा लावणाऱ्याने आपण यांपैकी कशात बसतो ते पालिकेकडून लेखी घ्यावे, आणि खाद्यपदार्थांची नोंदणी त्याला चुकत नाही, हेही लक्षात ठेवावे.

जागेचा वर्ग व्यवसायाच्या वर्गाशी जुळतो का

व्यवसाय निर्दोष असूनही अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा जागेवर. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा आहे, आणि त्याखालच्या प्रादेशिक आराखड्यात किंवा बाह्य विकास आराखड्यात प्रत्येक सर्वे क्रमांकाचे क्षेत्र ठरलेले असते. वस्ती, व्यापारी, औद्योगिक, बागायत, शेती, पर्यावरण-संवेदनशील अशी ही क्षेत्रे आहेत. कोणत्या क्षेत्रात कोणता वापर चालतो, हे २०१० च्या बांधकाम नियमावलीत दिलेले आहे. वस्ती क्षेत्रात किराणा दुकान किंवा वकिलाचे कार्यालय खपून जाते, पण तिथे वाहने रंगवण्याचे वर्कशॉप काढायचे म्हटल्यास अडचण येते.

म्हणून भाडेकरार करण्याआधी, अनामत रक्कम देण्याआधी, नियोजन खात्याच्या तालुका कार्यालयातून किंवा त्या भागाच्या नियोजन व विकास प्राधिकरणाकडून झोनिंगचा दाखला काढावा. सोबत जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा, शहरी भागात ‘डी’ नमुना, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. भोगवटा प्रमाणपत्रावर ती खोली ‘दुकान’ म्हणून मंजूर आहे की ‘पार्किंग’ म्हणून, हा एकच शब्द निर्णायक ठरतो. तळमजल्यावरच्या पार्किंगला शटर लावून दुकान केलेले गाळे आपल्याकडे सर्रास भाड्याने दिले जातात. अशा गाळ्यासाठी कोणताही वर्ग निवडला तरी परवान्याचा पाया कच्चाच राहतो. जमीन शेतीची असेल तर महसूल कायद्याखालची सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, झाली आहे का, तेही विचारावे. किनाऱ्याजवळ, खाडीकाठी किंवा खाजनालगत जागा असेल तर किनारी नियमन क्षेत्राचा प्रश्न येतो आणि तो पंचायतीच्या हातात नसतो.

जागा घरगुती वापरातून व्यापारी वापरात गेली की घरपट्टीचा, विजेचा आणि पाण्याचा वर्गही बदलून घ्यावा लागतो. घरगुती मीटरवर खानावळ चालवणाऱ्याला वीज खात्याकडून फरकाची वसुली आणि दंड दोन्ही येऊ शकतात.

प्रदूषण मंडळाचे रंग

राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगांना रंग देते, कारण १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली किती कडक देखरेख हवी, ते त्या रंगावर ठरते. केंद्रीय मंडळाने २०१६ मध्ये प्रदूषण निर्देशांकाच्या आधारे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार गट केले. पांढऱ्या गटाला फक्त माहिती कळवणे पुरते, बाकीच्यांना संमती लागते. २०२५ मध्ये या पद्धतीत सुधारणा होऊन अत्यावश्यक पर्यावरणीय सेवांसाठी निळा गट आला, त्यामुळे जुन्या यादीवर न विसंबता मंडळाच्या साळगाव येथील कार्यालयातून सध्याची यादी पाहून घ्यावी.

वर्ग किती बारीक गोष्टींवर हलतो, हे २०१६ च्या यादीतून चांगले समजते. दिवसाला एक टनापेक्षा कमी उत्पादन असलेली आणि गॅसवर किंवा विजेवर चालणारी बेकरी हिरव्या गटात होती, एक टनावरची नारिंगी गटात. आपल्या पोदेराची भट्टी लाकडावर चालते, म्हणजे उत्पादन कमी असूनही तिचे वर्णन हिरव्या गटाच्या शब्दांशी तंतोतंत जुळत नाही. अशा वेळी तर्क न करता मंडळाकडून लेखी खुलासा मागावा. तसेच बॉयलर नसलेले २० खोल्यांपर्यंतचे हॉटेल हिरव्या गटात, तर २० ते १०० खोल्यांचे नारिंगी गटात होते. एकविसावी खोली बांधताना ही रेषा लक्षात असलेली बरी.

खाणे, पिणे आणि राहणे

खाद्यपदार्थ विकणाऱ्या, साठवणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या प्रत्येकाला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. वार्षिक उलाढालीनुसार साधी नोंदणी, राज्य परवाना आणि केंद्रीय परवाना असे टप्पे आहेत, शिवाय व्यवसायाचा प्रकारही निवडावा लागतो: उत्पादक, किरकोळ विक्रेता, उपाहारगृह, केटरर, वाहतूकदार. घरच्या घरी डबे किंवा खतखते-सान्नां बनवून देणारी गृहिणीही यात येते. चौदा अंकी क्रमांक मिळाला की तो दर्शनी भागात आणि बिलावर लावायचा असतो.

मद्याचे सारे व्यवहार १९६४ च्या अबकारी कायद्याखाली येतात. इथला मुख्य भेद सीलबंद बाटली नेण्यासाठी विकणे आणि जागेवर बसून पिऊ देणे हा आहे, आणि त्यातही देशी दारू व भारतीय बनावटीचे विदेशी मद्य यांचे परवाने वेगळे आहेत. शाळा आणि धार्मिक स्थळापासूनचे अंतर मोजले जाते. उपाहारगृहाचा व्यापार परवाना आहे म्हणून फेणी देता येत नाही आणि बारचा अबकारी परवाना आहे म्हणून जेवण विकता येत नाही. दोन्ही कागद स्वतंत्रपणे जिवंत ठेवावे लागतात.

पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी १९८२ चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे. पर्यटन खाते हॉटेलांना अ, ब, क, ड अशा श्रेणी देते, होमस्टे वेगळे धरते, आणि टॅक्सी, मार्गदर्शक, जलक्रीडा, प्रवासी एजंट यांनाही या कायद्याखाली आणते. आपल्या वडिलोपार्जित घरातल्या दोन खोल्या इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्या कुटुंबाला आपण काही ‘हॉटेल’ चालवत नाही असे मनापासून वाटते. ते खरेही आहे, तरी पैसे घेऊन पर्यटक ठेवला की नोंदणी लागते. समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकसाठी पर्यटन खात्याचे वेगळे धोरण असून ती हंगामी बांधकामे असतात.

आग

राष्ट्रीय इमारत संहिता इमारतींचे वापरानुसार गट पाडते. निवासी, शैक्षणिक, संस्थात्मक, सभा-संमेलनाच्या, कार्यालयीन, व्यापारी, औद्योगिक, गोदामे आणि धोकादायक. ५० किंवा अधिक माणसे करमणुकीसाठी, मेळाव्यासाठी एकत्र जमतात ती जागा सभा गटात जाते, आणि त्या गटाला बाहेर पडण्याचे मार्ग, दारांची रुंदी, सजावटीच्या साहित्याची ज्वलनशीलता यांचे नियम रेस्टॉरंटच्या साध्या समजुतीपेक्षा फार कडक आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा जीव गेला. त्यानंतर तरी कोणी आसनसंख्या कमी दाखवून छोट्या वर्गात राहण्याचा विचार मनात आणू नये. आठवड्यातून एकदाच संगीत लावून सत्तर माणसे जमवायची असतील, तर त्या रात्री जागेचा वर्ग तोच असतो, जो रोज सत्तर माणसे जमवणाऱ्याचा असतो. ध्वनिवर्धकाची परवानगी वेगळी आणि रात्री दहानंतर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचे बंधन वेगळे.

कामगार आणि कारखाने

१९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याकडे नोंदणी करताना दुकान, व्यापारी आस्थापना, निवासी हॉटेल, उपाहारगृह यांपैकी सदर निवडायचे असते. व्यापार परवान्यावर जे लिहिले आहे, तेच इथे लिहावे. कामगारांची संख्या वाढली आणि विजेची यंत्रे असली की ती जागा ‘कारखाना’ ठरू शकते आणि मग कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाची कक्षा सुरू होते. संख्येच्या मर्यादा नव्या कामगार संहितांमुळे बदलल्या आहेत, म्हणून भरती करण्यापूर्वी त्या विचारून घ्याव्यात.

अर्ज, हरकती आणि अपील

वर्णन पक्के झाल्यावर त्याची एकच प्रत तयार ठेवावी आणि प्रत्येक अर्जाला तीच जोडावी. घरपट्टीची पावती, मालकी किंवा भाडेकरार, मालकाची संमती, भोगवटा प्रमाणपत्र, जागेचा मोजमापांसह नकाशा आणि ओळखपत्र हा नेहमीचा संच. बऱ्याच सेवा ‘गोवा ऑनलाइन’ पोर्टलवर आल्या आहेत. कागदी अर्ज दिला असल्यास आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. सेवा वेळेत मिळण्याच्या हक्काचा गोव्याचा कायदा २०१३ चा आहे, आणि दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून.

पंचायतीत अर्ज बैठकीपुढे जातो. सचिवाने काढलेल्या त्रुटींना तोंडी उत्तर देऊन भागत नाही, लेखी उत्तर द्यावे. चुकीच्या वर्गात टाकल्यास भांडण्याऐवजी एका पानाचे निवेदन द्यावे. त्यात आपल्याला लावलेले सदर, आपल्या मते योग्य असलेले सदर आणि क्षेत्रफळ, इंधन, आसनसंख्या, अश्वशक्ती यांपैकी ज्यावर फरक पडतो तो आकडा एवढेच असावे. नकार आला तर त्याची कारणे लेखी मागावीत, कारण अपील कारणांविरुद्धच करता येते. पंचायतीच्या बाबतीत अपील पंचायत संचालनालयाच्या अधिकाऱ्यांकडे जाते, पालिकेच्या बाबतीत नगरपालिका कायद्यात नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुदत ओलांडली तर खरी बाजूही ऐकली जात नाही, म्हणून आदेश हातात पडलेली तारीख त्याच कागदावर टिपून ठेवावी.

धंदा बदलला तर

परवाना व्यक्तीला, जागेला आणि कामाला मिळून दिलेला असतो. तिन्हींपैकी काहीही बदलले की कळवावे लागते. वडिलांच्या नावावरचे दुकान मुलाच्या हाती आले, शेजारचा गाळा घेऊन क्षेत्रफळ दुप्पट झाले, कापडाच्या दुकानात शीतपेयांचा फ्रीज आला, बेकरीने टेबले मांडली, या प्रत्येक वेळी नूतनीकरणाची वाट न पाहता दुरुस्तीचा अर्ज करावा. नूतनीकरणाच्या अर्जात ‘पूर्वीप्रमाणेच’ असे लिहिण्याची सवय इथे घात करते, कारण त्यावर आपली सही असते.

व्यवसाय बंद केला तर शटर ओढून मोकळे होऊ नये. परवाना लेखी परत करावा, अन्न नोंदणी आणि अबकारी परवाना स्वतंत्रपणे परत करावेत, कामगार खात्याला कळवावे आणि जागा पुन्हा राहती होणार असेल तर घरपट्टी व विजेचा वर्ग बदलण्यासाठी अर्ज द्यावा. हे न केल्यास शुल्काची मागणी वर्षानुवर्षे साचत राहते, आणि पुढे त्याच घर क्रमांकावर दुसऱ्या कोणी परवाना मागितला की आधीची थकबाकी भरल्याशिवाय त्याचा अर्ज पुढे सरकत नाही.